सेन्सर ८५ अंश दाखवतो तेव्हा

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. हे करायचं कधी, हे ठरवायला आपल्या बागेतलं तापमान कळावं लागतं. बातम्यांमधला आकडा तालुक्याचा असतो आणि ओढ्याकाठच्या बागेत त्याहून जास्त थंडी असू शकते.

समजा, तिथल्या एका शाळेतल्या सरांनी घरात पडून असलेला जुना रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक बाहेर काढला आणि बागेसाठी थर्मामीटर बनवायला घेतला. तापमान सहा अंशांखाली गेलं की मोबाईलवर निरोप यावा, एवढीच अपेक्षा. सर विज्ञान शिकवतात, लिनक्स हौसेने वापरतात. अडेल तिथे मदत करणाऱ्या एक ताई पुण्यात आहेत. त्याही हौशीच, नोकरी वेगळ्या क्षेत्रात आणि रविवार सोल्डरिंगचा. दोघांमध्ये दोनशे किलोमीटरचं अंतर आहे आणि ताईंनी तो बोर्ड डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. तरीही बिघाड सापडतो. तो कसा, हे एकेक पायरीने पाहू.

सुरुवात तारांपासून. या कामासाठी हौशी मंडळी बहुतेक वेळा डीएस१८बी२० हा सेन्सर घेतात. पाणी न शिरणाऱ्या पोलादी नळीत बसवलेला हा सेन्सर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत तो मोजतो आणि उणे १० ते ८५ या पट्ट्यात त्याचा आकडा अर्ध्या अंशापेक्षा जास्त चुकत नाही. त्याला तीन तारा असतात: एक विजेची, एक ग्राउंडची आणि एक डेटाची. बहुधा त्या लाल, काळ्या आणि पिवळ्या असतात. पण स्वस्त मालात रंग बदललेले असतात, म्हणून विक्रेत्याचा कागद पाहूनच जोडाव्यात. लाल तार पायच्या पहिल्या पिनला, म्हणजे ३.३ व्होल्टला, काळी सहाव्या पिनला, पिवळी सातव्या पिनला. आणि लाल व पिवळ्या तारेच्या मध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर.

हा रेझिस्टर अनेकजण विसरतात किंवा अनावश्यक समजून गाळतात. त्याचं काम समजून घेणं फार गरजेचं आहे. सेन्सर डेटाची तार फक्त खाली, शून्य व्होल्टकडे ओढू शकतो. तिला परत वर आणण्याची सोय त्याच्यात नाही. ते काम रेझिस्टर करतो. तो नसेल तर तार अधांतरी राहते आणि पायला तिच्यावर भलतेच आकडे ऐकू येतात. इथे पाच व्होल्टची पिन मात्र वापरू नये. पायच्या डेटा पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत आणि जास्त व्होल्टेजने त्या कायमच्या जातात.

तारा जोडल्यावर पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून वन-वायर, म्हणजे एकाच डेटा तारेवरून सेन्सर वाचण्याची सोय, सुरू करायचं आणि मशीन पुन्हा चालू करायचं. सरांनी तसं केलं, पण सेन्सर दिसेना. त्यांनी ताईंना लिहिलं, "सेन्सर चालत नाही." ताईंनी उलट विचारलं, "सर, डिव्हायसेसच्या फोल्डरात काय काय दिसतंय? यादी जशीच्या तशी पाठवा."

या एका वाक्यात लिनक्सवाल्यांच्या मदतीचं सगळं मर्म आहे. लिनक्समध्ये जोडलेलं यंत्र फाइलच्या रूपाने दिसतं, सेटिंग मजकुराच्या फाइलमध्ये असतं आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय करतोय तेही ओळीओळीने लॉगमध्ये लिहिलं जातं. त्यामुळे मशीनची अवस्था कॉपी करून दुसऱ्याला पाठवता येते. दूरच्या माणसाला तर्क करत बसावं लागत नाही, तो प्रत्यक्ष वाचतो. बटणांच्या आणि खिडक्यांच्या जगात "डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?" असं विचारत बसावं लागतं, ते इथे टळतं.

सरांनी पहिल्यांदा पाठवलेल्या माहितीवरूनच एक गोष्ट उघड झाली. त्यांनी जुन्या लेखात वाचून बूट फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये ओळ घातली होती. पण २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर या फोल्डरात गेली आहे. म्हणूनच जाणकार सगळ्यात आधी आवृत्ती विचारतात. जुना सल्ला खोटा नसतो, तो त्या काळापुरता खरा असतो. ओळ योग्य जागी गेल्यावर यादीत नावं आली, पण ती "००-" ने सुरू होणारी आणि दर थोड्या वेळाने बदलणारी. या सेन्सरचं खरं नाव नेहमी "२८-" ने सुरू होतं, पुढे त्या एकाच नगाचा क्रमांक असतो. शून्यांनी सुरू होणारी नावं म्हणजे अधांतरी तारेवरचे भास. ताईंनी यादी पाहून विचारलं, "रेझिस्टर लावलाय का सर? ब्रेडबोर्डचा फोटो पाठवा." फोटोत रेझिस्टरचा एक पाय शेजारच्या रांगेत खोचलेला दिसला.

इथे एक सांगून ठेवतो. जोडणीचा फोटोच पाठवावा, कारण तारा शब्दांत सांगताना प्रत्येकजण आपल्याला जे जोडल्यासारखं वाटतं ते सांगतो. एरर मात्र कधीही फोटोतून पाठवू नये, ती मजकूर म्हणून कॉपी करावी. फोटोतली एरर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि नेमकी महत्त्वाची ओळ कडेला कापली गेलेली असते.

आता सेन्सर दिसू लागला. त्याच्या फोल्डरात एक फाइल असते. ती उघडली की दोन ओळी मिळतात. पहिलीच्या शेवटी "येस" किंवा "नो" असतं. तारेवरून आलेला डेटा वाटेत बिघडला नाही ना, याची ती तपासणी. दुसरीच्या शेवटी "टी" आणि त्यापुढे आकडा, समजा ३१४३७. हे अंशाचे हजारावे भाग आहेत, म्हणजे ३१.४३७ अंश. तापमान मोजण्याचं सगळं काम सेन्सर आणि कर्नल करतात. आपल्या स्क्रिप्टने फक्त एक फाइल वाचायची.

स्क्रिप्ट बॅशमध्ये लिहायची. बॅश हा शेल ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये जीएनयू प्रकल्पासाठी लिहिला. तो जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतो, म्हणून हौशी मंडळींची पहिली स्क्रिप्ट बहुधा त्यातलीच असते. पण बॅशला दशांश अपूर्णांकांचं गणित येत नाही. ३१४३७ भागिले १००० म्हटलं की तो ३१ म्हणतो आणि उरलेलं सोडून देतो. सरांनी यावर तोडगा म्हणून ताईंना विचारलं, "मजकुराची पहिली दोन अक्षरं कशी कापायची?"

या प्रश्नाला सरळ उत्तर आहे आणि घाईतला माणूस ते देऊन मोकळा होईल. उन्हाळाभर ती स्क्रिप्ट बिनबोभाट चालेलही. पण डिसेंबरातल्या एका पहाटे तापमान ९.४३७ अंशांवर येईल, फाइलमध्ये आकडा चारच अंकी, ९४३७ असा असेल आणि पहिली दोन अक्षरं कापल्यावर स्क्रिप्टला बागेत ९४ अंश दिसतील. ज्या थंडीसाठी यंत्र लावलं, नेमक्या त्याच थंडीत ते गप्प बसेल. म्हणून जाणता मदतनीस आधी विचारतो, "कशासाठी हवंय?" सरांना अक्षरं कापायची नव्हतीच, त्यांना सहा अंशांशी तुलना करायची होती. मग भागाकाराची गरजच काय? आकडा हजाराव्या भागातच ठेवायचा आणि ६००० पेक्षा कमी आहे का ते पाहायचं. पूर्णांकांची तुलना बॅश चोख करतो. माणसाला वाचण्यासाठी दशांश हवाच असेल तर ऑक नावाचं छोटं साधन १९७७ पासून हेच काम करत आलं आहे.

विचारणाऱ्याने आपण शोधलेल्या वाटेबद्दल विचारावं आणि मूळ मुक्काम सांगायचा राहून जावा, हे मदतीच्या देवाणघेवाणीत सगळ्यात जास्त वेळा घडतं. माझ्या मते चांगल्या मदतनिसाची खरी पारख इथेच होते. कमांड पाठ असणं हा त्याचा दुसरा गुण.

पुढची पायरी क्रॉन. ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारी ही लिनक्समधली जुनी व्यवस्था. एका ओळीत पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. आणि शेवटी काय चालवायचं ते. सरांनी दर पाच मिनिटांनी स्क्रिप्ट चालवायला सांगितलं. हाताने चालवली की स्क्रिप्ट चाले, क्रॉनमधून चालेना. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की ताईंनी न विचारता तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. क्रॉन आपल्या नेहमीच्या टर्मिनलची सेटिंग वाचत नाही. कमांड शोधायला त्याच्याकडे मोजकेच फोल्डर असतात, म्हणून प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता लिहावा. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह थेट वापरलं तर त्याचा अर्थ ओळ तोडणं असा होतो. तारखेसाठी ते लागतंच, म्हणून तारखेचा भाग स्क्रिप्टच्या आत न्यावा. आणि क्रॉन आपल्या एरर ईमेलने पाठवू पाहतो. घरच्या पायवर मेलची सोय नसते, मग त्या एरर नाहीशा होतात. म्हणून एरर एका लॉग फाइलमध्ये वळवाव्यात. सरांची अडचण पत्त्याची निघाली. पण तिसऱ्या सूचनेचा उपयोग पुढे झाला.

स्क्रिप्ट चालू लागली, नोंदी साठू लागल्या. काही दिवसांनी सरांच्या लक्षात आलं की रोज सकाळी आठ ते दहा या वेळात एकही नोंद नाही. दहानंतर सगळं सुरळीत. सरांना वाटलं, त्या वेळी बागेतला पंप सुरू होतो, व्होल्टेज पडत असणार. शंका रास्त होती. त्यांनी चार्जर बदलून पाहिला, तरी खळगा तसाच. ताईंनी नोंदींची फाइलच मागवली. शेवटची नोंद ७:५५ ची, पुढची थेट १०:०० ची, रोज अगदी तशीच. पंप असा मिनिटाच्या ठोक्यावर चालत नाही. घड्याळाच्या इतक्या नेमक्या सीमेवर काही बिघडत असेल तर कारण तारांमध्ये नसतं, ते स्क्रिप्टमध्ये असतं. मग लॉग उघडला. त्यात दर पाच मिनिटांना एकच एरर होती: "०८" हा आकडा या पायासाठी मोठा आहे, अशा अर्थाची. नऊ वाजल्यापासून तीच एरर "०९" साठी.

कारण असं. रात्री दहा ते सकाळी दहा एवढ्याच वेळात निरोप पाठवावा म्हणून स्क्रिप्ट आधी तास पाहत होती. तास विचारला की संगणक तो दोन अंकी देतो: ०७, ०८, ०९. बॅशच्या गणितात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला मानला जातो, ज्यात ० ते ७ एवढेच अंक असतात. ०० ते ०७ पर्यंतचे तास त्यामुळे बिनतक्रार चालतात, कारण तिथे दोन्ही पद्धतींत किंमत एकच. ०८ आणि ०९ हे त्या पद्धतीतले आकडेच नाहीत, म्हणून स्क्रिप्ट थांबते. १० पासून आधी शून्य नसतं, सगळं पुन्हा ठीक. उपाय तीन अक्षरांचा: गणितात आकड्याआधी दहा आणि हॅशचं चिन्ह लिहायचं, म्हणजे हा दशमान आकडा आहे असं बॅशला कळतं. शाळेत मुलांना संख्यापद्धती शिकवणाऱ्या सरांना हे एका ओळीत समजलं.

अशा वेळी स्क्रिप्ट आत काय करते आहे ते पाहण्याची सोय बॅशमध्येच आहे. "बॅश" आणि मग "उणे एक्स" लिहून स्क्रिप्ट चालवली की प्रत्येक ओळ चालण्याआधी पडद्यावर उमटते, तीही आकडे भरून. शेलचेक नावाचं मोफत साधन तर न चालवताच स्क्रिप्ट वाचून अवतरणचिन्हं कुठे राहिली, कुठे अडेल ते सांगतं. विंडोजवर लिहून आणलेली स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडत असेल तर ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा चिन्ह असतं, ते डॉस-टू-युनिक्सने निघतं.

आता शीर्षकातले ८५ अंश. एका रात्री नोंदीत मधूनच बरोबर ८५.००० असा आकडा येऊ लागला. जानेवारीतल्या निफाडात तो शक्यच नाही. पहिल्या ओळीच्या शेवटी मात्र "येस". म्हणजे तारेवर डेटा बिघडलेला नाही, सेन्सर खरोखरच ८५ म्हणतो आहे. हा आकडा ज्यांना माहीत असतो ते लगेच ओळखतात: वीज मिळाल्याबरोबर या सेन्सरच्या स्मृतीत आधीपासून भरलेला आकडा ८५ असतो. तापमान मोजून झालं की त्याच्या जागी खरा आकडा येतो. पूर्ण अचूकतेने मोजायला त्याला पाऊण सेकंदापर्यंत लागतो. ८५ दिसला याचा अर्थ मोजणी पुरी होण्याआधी सेन्सरची वीज गेली आणि परत आली.

वीज का गेली? लाल तारेचा सांधा ढिला झाला की सेन्सर डेटाच्या तारेतून मिळेल तेवढ्या विजेवर तग धरू पाहतो. ती वीज येते त्याच ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून. मोजणी करताना सेन्सरला दीड मिलिअँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह लागतो. दीड मिलिअँपिअर गुणिले ४.७ किलोओहम, म्हणजे सात व्होल्ट त्या रेझिस्टरमध्येच खर्ची पडायला हवेत. आपल्याकडे आहेत सगळे मिळून ३.३. हिशोब जमूच शकत नाही. म्हणून नुसतं वाचताना सेन्सर बोलतो आणि मोजायला सांगितलं की कोसळतो. सरांनी मल्टिमीटर लावून सांधा तपासला, पुन्हा सोल्डर केला, वर हीट-श्रिंक नळी चढवली. दवाने तांबं काळं पडलं होतं. स्क्रिप्टमध्येही एक अट वाढवली: बरोबर ८५००० आला तर तो नोंदवायचा नाही, पुन्हा वाचायचं.

वीजपुरवठ्याबद्दल थोडं. पाय ३ ला ५.१ व्होल्ट, अडीच अँपिअरचा ॲडॉप्टर लागतो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की कर्नल लॉगमध्ये तशी तक्रार नोंदवतो, ती "डीमेसेज" या कमांडने दिसते. शिवाय पाय ३ मध्ये घड्याळाचा सेल नाही. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसलं तर वेळ मागे राहतो आणि नोंदींना चुकीचे तास लागतात. शेतात डीएस३२३१ हे नाणं-सेलवर चालणारं घड्याळ लावलेलं बरं.

डीमेसेजचा उपयोग दाखवणारं एक वेगळं उदाहरण सांगावंसं वाटतं, कारण त्यात अनेकांचे दिवस गेले आहेत. स्वस्त आर्डुइनोवर सीएच३४० ही चिप असते. उबुंटू २२.०४ वर असा बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर दिसे आणि नाहीसा होई. लोक केबल बदलत, बोर्ड परत करत. डीमेसेजमध्ये मात्र स्पष्ट लिहिलेलं असे की ब्रेल-टीटीवाय या प्रोग्रामने ते यंत्र ताब्यात घेतलं. अंधांसाठीच्या ब्रेल पडद्यांना जोडणारा हा प्रोग्राम. काही ब्रेल पडद्यांमध्येही हीच चिप असल्याने तो आर्डुइनोला ब्रेल पडदा समजे. बहुतेकांनी तो काढून टाकला आणि काम भागलं. पण सल्ला देताना समोरच्या घरी ब्रेल वापरणारं कुणी आहे का, हे आधी विचारायला हवं. तसं असेल तर फक्त त्या चिपचा नियम बंद करता येतो, प्रोग्राम राहू देता येतो.

ही सगळी रीत लिनक्सच्या जन्मापासूनची आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याने लोकांना काय आवडतं, काय नको, हेच विचारलं होतं. पुण्या-मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट त्याच रीतीने उभे राहिले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि बॅशचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते जरूर ऐकावेत.

मदत घेताना दोन पथ्यं मात्र कडक पाळावीत. फाइल दुसऱ्याला पाठवण्याआधी त्यातला वाय-फायचा पासवर्ड आणि निरोप पाठवण्याच्या सेवेची गुप्त किल्ली पुसून टाकावी. आणि कुणीही दिलेली कमांड, विशेषतः सुडोने सुरू होणारी, तिचा प्रत्येक भाग काय करतो ते "मॅन" पानावर वाचल्याशिवाय चालवू नये. देणाऱ्यानेही ते दोन ओळींत समजावून सांगावं. प्रश्न सुटला की "झालं, धन्यवाद" एवढ्यावर थांबू नये. कोणती आवृत्ती, कोणती एरर, नेमकं काय बदललं, हे तिथेच लिहून ठेवावं. पुढच्याला तीच एरर आली की तो ते शोधतो.

तुम्ही असा थर्मामीटर करणार असाल तर बागेत नेण्याआधी बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून त्यात सेन्सर बुडवा. आकडा शून्याच्या आसपास, अर्ध्या अंशाच्या आत यायला हवा. तिथे आकडा चारपेक्षा कमी अंकी असेल, कधी उणेही असेल. स्क्रिप्ट तिथे अडखळली तर फाइलमधल्या त्या दोन ओळी आणि एरर जशीच्या तशी कॉपी करा, आवृत्ती लिहा, जोडणीचा फोटो काढा आणि मग विचारा.